काथवटीवरच्या ढालीचा तह

पल्लास देवी प्रसन्न असो. अखंडित जैतूनछायेत नांदणाऱ्या, घुबडमुद्रांकित, राजमान्य समस्त अथेन्सकर मंडळींचे सेवेसी, मेलिते पेठेतील आमच्या गल्लीच्या तिसऱ्या दाराचा कारकून ल्यूकिस्कोस, वय वर्षे बासष्ट, उजवा गुडघा निकामी, कृतानेक दंडवत करून लिहितो ऐसे जे. स्पार्टेकरांशी चाललेल्या युद्धाचे हे आठवे साल. थोर सरदारांच्या थोर लढाया लिहावयास थोर लेखणीवाले बहुत आहेत आणि त्यांना बिदागीही मिळते. आम्हांस कोणी पुसत नाही. परंतु आमच्या गल्लीत जी मोहीम जाहली ती आम्ही या डोळ्यांनी पाहिली, आणि नाटकाच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मेळ्यात दुसऱ्या रांगेत तिसरे उभे राहून अंगावर घेतली, म्हणोन लिहिणे प्राप्त आहे. आमचे आजे मॅरेथॉनच्या माळावर इराणी पातशहाशी लढले आणि आम्ही बखर लिहितो ती निम्मी त्याच पातशहाच्या दरबारी शब्दांत, यास इलाज नाही. भारदस्त लिहावयाचे तर दुसरे शब्द सापडत नाहीत.

तर राजश्री स्मिकिथोसराव, मूळ वतन अफिदना. तिथे जैतुनाची साठ झाडे, द्राक्षांचा मांडव, मधाची पोळी, ऐसा चांगला संसार होता. मग स्पार्टेकरांची फौज दरसाल येऊ लागली आणि पहिल्या साली मांडव जाळला, दुसऱ्या साली झाडे तोडली, आणि मग राव कुटुंबासह, हंड्यागाडग्यांसह तटाच्या आत येऊन आमच्या गल्लीत दोन खणांत राहिले आणि टोपल्या विणू लागले. तेव्हापासून रावांच्या डोक्यात एकच, की स्पार्टेकराचे नाक कापावे. टेकडीवर नगरसभा भरे आणि लढाईचा सवाल पुढे येई, तो रावांचा हात सर्वांआधी वर आणि आवाज सर्वांच्या वरचढ. आवाज तर ऐसा, डोंगरात शेळ्या हाकून कमावलेला, की खाली बाजारातले मासेवाले दचकत.

रावांची ढाल मातबर होती. लाकूड चांगले, वर काशाचा पत्रा, त्यावर लाल कोंबडा चितारलेला. रावांचे कुटुंब सौभाग्यवती आर्किप्पेबाईसाहेब यांनी ती एके दिवशी सहज उचलून कणीक भिजवायच्या काथवटीवर ठेवली, तो काय आश्चर्य, घेराला घेर तंतोतंत जुळला. उंदीर शिरेना, मांजरास ढाल हलेना, आणि आत पीठ ऐसे फुगे की पाव हलका कापसासारखा. मग बाईसाहेबांनी हुकूम केला की ढालीचा मुक्काम इथेच. राव त्या समयी टोपल्यांत गुंतले होते, त्यांनी मान डोलावली, आणि तीन वर्षे कोणी काही बोलले नाही.

मग ऐसा प्रसंग आला की जैतून झोडायच्या दिवसांत थ्रेसच्या स्वारीची यादी दहा वीरांच्या पुतळ्यांखाली लागली आणि तीत रावांचे नाव निघाले. शिरस्ता ऐसा, की ज्याचे नाव निघेल त्याने तीन दिवसांची शिदोरी घरून बांधून आणावी. राव छाती काढून गल्लीत शिरले, आणि सरळ मुदपाकखान्यावर चाल करून काथवटीपाशी आले, आणि ढालीस हात घातला. तो बाईसाहेबांनी लाटणे आडवे धरले आणि फर्मान सोडले:

"हात लावू नका. पीठ फुगतंय."

"अगं, स्वारी निघालीय. ढाल लागेल ना मला."

"मग दुसरं झाकण आणून द्या."

"बायकांच्या पिठासाठी मी थ्रेसला बिनढालीचा जाऊ?"

"जाऊच नका म्हणते मी. पीठपण राहील आणि तुम्हीपण राहाल."

येणेप्रमाणे युद्ध पेटले. रावांनी अंगणात ठाणे दिले आणि विहिरीची वाट रोखली. बाईसाहेबांनी मुदपाकखान्याचे दार लावून घेतले, आणि आत जवाच्या भाकऱ्या, चीज, सुके अंजीर ऐसी रसद भरपूर. बाहेर रावांजवळ एक कांदा. पहिला दिवस कांद्यावर निभावला. दुसऱ्या दिवशी रावांनी मुलूखगिरी करून आमच्या दारी येऊन खारवलेला मासा मागितला, आणि आम्ही दिला, आणि तो आजवर परत आलेला नाही. तिसऱ्या दिवशी राव दाराला तोंड लावून ओरडले की बायकोने नवऱ्याची अशी कोंडी करणे हा देशद्रोह आहे, आणि आतून जबाब आला की ओरडू नका, पीठ बसतं.

त्याच सांजेस राव उंबऱ्यावर थकून बसले आणि बाईसाहेब दारापलीकडे बसल्या, आणि मग आवाज खाली आले. आमच्या गल्लीत पाचव्या दारी हेदिस्ते म्हणोन एक बाई राहते. तिचा नवरा गेल्या साली बोइओतियाच्या स्वारीत पडला, आणि त्याच्या सोबत्याने त्याची ढाल आणून दारी टेकवली. बाईसाहेब तिचीच गोष्ट काढून हळू बोलल्या:

"हेदिस्तेकडे ढाल आली. चकचकीत पुसून आली. अहो, तुमची ढाल परत आली आणि तुम्ही नाही आलात, तर मी ती कशावर झाकू?"

यावर राव एवढेच म्हणाले, "एक भाकरी दे." आणि बाईसाहेबांनी दार बोटभर उघडून भाकरी दिली. परंतु ढाल दिली नाही.

आता या घराची मागची भिंत आणि नाटककार कॅलिफॉन यांची भिंत एकच. हा मनुष्य हास्यनाटके रचतो आणि सदा भिंतीस कान लावून असतो. तीन दिवस त्याने मेणाची पाटी मांडीवर घेऊन तमाम जाबसाल उतरवून घेतला, आणि हिवाळी उत्सवासाठी नाटक बसवावयाचे मनी आणिले, ते ऐसे, की एक नवरा मुदपाकखान्यास वेढा घालतो आणि सारी लढाई एका ढालीपायी होते. कारण सेनापतीस भर सभेत मूर्ख म्हणावे तर लोक अंगावर येतात, आणि तीच गोष्ट चुलीपाशी आणून नवरा-बायकोच्या तोंडी घातली की तेच लोक पोट धरून हसतात. परंतु बाईसाहेबांस हे ठाऊक आहे, याची त्यास खबर नव्हती. बाईसाहेब चौथ्या दिवशी भिंतीपाशी गेल्या आणि वरून डोकावून बोलल्या:

"कॅलिफॉनभाऊजी, आमची भांडणं लिहून घेता ते ठाऊक आहे मला."

"छे हो वहिनी, मी तर हिशेब मांडत होतो."

"मांडा, मांडा. नाटकात घाला खुशाल. पण मेळ्याचे म्होरके म्हणून आमचे हे हवेत. नाहीतर उद्यापासून आम्ही कुजबुजत भांडू."

इथे बाईसाहेबांची मसलत वाचणाराने ध्यानी घ्यावी. आमच्या नगरीचा कायदा ऐसा आहे की उत्सवाच्या मेळ्यात जो गातो-नाचतो त्यास तालमीपासून उत्सव होईतो लष्करची चाकरी माफ. कॅलिफॉनास मोठ्या आवाजाचा मनुष्य हवाच होता. त्याने राजीखुशीने कबूल केले. मग रावांस नगरकारभाऱ्यांचे बोलावणे आले की देवाच्या चाकरीस हजर व्हावे. रावांनी पहिल्याने नाक मुरडले, परंतु हजारो माणसांपुढे आपला आवाज घुमणार हे ऐकोन त्यांचे मन विरघळले, आणि थ्रेसची स्वारी रावांवाचून निघून गेली.

मेळ्याचा खर्च ज्याच्या माथी आला तो फायनिप्पोस शेट, ढालींचा कारखानदार. लढाई थांबली तर शेटजींचे कारागीर माशा मारणार, आणि लढाई थांबवा म्हणणाऱ्या नाटकाचे तेलमीठ शेटजींच्याच खिशातून. मोठा कडू घोट. त्यांनी सूड ऐसा घेतला की चोवीस गड्यांना दोन महिने रोज मसुरीचे कालवण घातले. आम्ही मेळ्यात शिरलो ते फुकट जेवणाच्या आशेने, तेव्हा हे आम्हांस फार लागले.

तालमी सुरू जाहल्या. राव म्होरके, नाटकातल्या मूर्ख नवऱ्याच्या फौजेचे सरनोबत, आणि आम्ही बाकी तेवीस असामी त्यांच्या मागे. रावांस सूर ठाऊक नाही, परंतु दम भारी. आणि नवल हे, की नाटकातला नवरा कोण हे अवघ्या गल्लीस कळले, एका रावांस कळले नाही. नवरा एका कांद्यावर दिवस काढतो या जागेस राव इतके हसले की त्यांस पाणी द्यावे लागले.

"अरे कॅलिफॉन, हा येडा शोधलास कुठून?" रावांनी डोळे पुसत विचारले.

"आहे एक. डोंगराकडचा."

"तरीच. ती माणसं अशीच." हे ऐकोन तेवीस असामींस एकदम खोकला आला.

आता नाटकाच्या अखेरीस नवरा-बायकोचा तह होतो आणि नवऱ्याच्या वतीने म्होरक्या सुरईतून मद्य ओतून शपथ घेतो. आमच्याकडे पिताना मद्यात पाणी घालतात, परंतु देवांपुढे निखळ मद्य ओतल्याशिवाय तह तह नव्हे, हे स्पार्टेकरही मानतात. कॅलिफॉन धूर्त. नाटकात देवांची खरी शपथ नको म्हणोन त्याने शपथ लिहिली ती कोबीची, लसणीची आणि कढईची. फायनिप्पोस शेट त्याहून धूर्त. त्यांनी हुकूम काढला की मद्य महाग आहे, सुरईत मद्याच्या गाळाने रंगवलेले पाणी भरावे, आणि सुरईही ज्याची त्याने घरून आणावी.

रावांची स्मरणशक्ती म्हणजे फुटके मडके. ते रोज घरी येऊन जे आठवेल ते घडाघडा म्हणत, आणि बाईसाहेब कणीक मळता मळता दोन दिवसांत अवघे नाटक पाठ करून बसल्या, आणि मग त्याच रावांस शिकवू लागल्या. आणि शिकवताना शपथेपाशी आल्या की म्हणत:

"कोबीची शपथ कसली घेता? असं नसेल हो. झ्यूस साक्ष, डेमेटर साक्ष, डायोनिसस साक्ष, असं असेल."

"तो कोबीच म्हणाला होता बहुतेक."

"तुम्हांला काय आठवतंय? काल तर बायकोचं वाक्य नवऱ्याला दिलंत. म्हणा माझ्यामागून."

आणि राव म्हणत. तालमीत कॅलिफॉन दुरुस्त करी, घरी बाईसाहेब दुरुस्त करीत, आणि रावांच्या डोक्यात कोबी व झ्यूस यांची खडाजंगी दोन महिने चालली.

उत्सवाच्या दिवशी पहाटे बाईसाहेबांनी अफिदनाहून आणलेला शेवटचा बुधला फोडला. त्या जळलेल्या मांडवाचे तेवढेच मद्य उरले होते. त्यांनी ते पाण्याचा थेंब न घालता सुरईत भरले, आणि तोंडास फडके बांधून रावांच्या हाती दिले. राव समजले की शेटजींचे पाणी आले, शेटजी समजले की पाणी रावांनी भरले, आणि दोघेही खूश राहिले. हे आम्हांस बाईसाहेबांनी पुढे आपल्या तोंडाने सांगितले, म्हणोन लिहिले.

गडाखालच्या उतारावर रयत थंडीने घोंगड्या पांघरून, अक्रोड फोडीत बसली होती. पुढच्या रांगेत मद्यदेव डायोनिससाचे पुजारी, त्यांच्या शेजारी सेनापती खासा, आणि मागे दृष्टी पोचेल तिथवर माणूस. मेळा मुखवटे चढवून आत शिरला आणि वेढा पडला, आणि कांद्याच्या जागी सेनापतीच ऐसे हसले की त्यांच्या हातचे अक्रोड सांडले. राव गर्जत होते. आमचा गुडघा दुखत होता. सर्व यथास्थित चालले होते.

मग बायकोचे सोंग घेतलेला नट दाराशी बसला आणि कॅलिफॉनाने तालमीत कधी न म्हणवलेले, त्या दिवसापुरते राखून ठेवलेले एक वाक्य बोलला. आवाज त्याने अगदी खाली आणला.

"अहो, तुमची ढाल परत आली आणि तुम्ही नाही आलात, तर मी ती कशावर झाकू?"

राव थांबले. मुखवट्याच्या भोकांतून त्यांचे डोळे आम्हांस दिसले. पावा वाजवणाऱ्याने तान एकदा घोळवली, दुसऱ्यांदा घोळवली, आणि राव उभेच. आम्ही मागून कुजबुजलो, "कोबी म्हणा, राव, कोबी." त्यांनी ऐकले नाही. तो येडा कोण, हे त्यांस त्या क्षणी कळले होते. हजारो माणसांत कोणी अक्रोड फोडीना. मग रावांनी सुरई उचलली आणि घरी जे घोकले होते तेच तोंडून आले:

"झ्यूस साक्ष, डेमेटर साक्ष, डायोनिसस साक्ष. जोवर काथवटीत पीठ आहे, तोवर मी ढाल उचलणार नाही."

आणि ओतले. वास पहिल्या रांगेत गेला. डायोनिससाचे पुजारी रंगवलेले पाणी आणि बिनपाण्याचे मद्य यांतला फरक झोपेतही ओळखतील. ते ताडकन उठून उभे राहिले, आणि त्यांस उभे पाहून त्यांच्यामागची रांग उठली, आणि मग अवघा उतार उठला. पहिल्या बक्षिसाचा आयव्हीच्या वेलीचा मुकुट कॅलिफॉनास मिळाला. फायनिप्पोस शेट मद्य कुणी भरले याची चौकशी करीत फिरले, आणि मग आपणच भरले ऐसे सांगू लागले.

आता दुःखाची गोष्ट लिहितो. ज्या रयतेने त्या दिवशी रडेतो हसून मुकुट दिला, तीच रयत आठवड्याने टेकडीवर सभेस बसली, आणि वसंतातल्या नव्या स्वारीचा सवाल आला, आणि हातांचे रान उभे राहिले. आमचाही हात वर होता. लिहावयास लाज वाटते, परंतु बखरीत खोटे लिहू नये. स्मिकिथोसराव तेवढे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. तरी काय उपयोग. पुतळ्यांखाली यादी लागली, मेळ्याची माफी संपली होती, आणि रावांचे नाव वरून चौथे.

राव घरी आले आणि काथवटीपुढे उभे राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "उचला की. देवांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"ते नाटक होतं गं."

"मद्य खरं होतं. आपल्या मांडवाचं."

रावांचा चेहरा उतरला. ते तसेच निघून धर्मशास्त्र सांगणाऱ्या बुवांकडे गेले, आणि आम्ही साक्षीदार म्हणोन लंगडत मागे. बुवांनी विचारले की तोंड कुणाचे होते, तर मुखवट्याचे. सुरई कुणाची होती, तर घरची. मद्य पाणी घातलेले की निखळ, तर निखळ, आणि आपल्या वतनातले. मग बुवांनी डोळे मिटून निवाडा दिला, की तोंड उसने असले तरी मद्य ज्याचे, तह त्याचा.

तिसरे दिवशी पथकाचे सरदार दायमाखोस स्वतः ढाल तपासावयास आले. मोठा कडवा मनुष्य, परंतु देवभोळा. त्यांनी निवाडा ऐकला आणि बराच वेळ दाढी खाजवली, आणि मग बाईसाहेबांस विचारले:

"कधी संपेल हे पीठ, बाई?"

"रोज थोडं काढते, सरदारसाहेब, अन् थोडं ठेवते. त्यावरच उद्याचं फुगतं."

"म्हणजे कधीच संपणार नाही?"

"खमीर आहे ते. सासूबाईंच्या हातचं. गाव जळत होतं तेव्हा फडक्यात गुंडाळून कमरेला बांधून आणलं. झाडं, शेत, घर, सगळं राहिलं तिथंच."

दायमाखोस यांनी ढालीकडे नेलेला हात मागे घेतला. मग हुकूम दिला ऐसा जे, शपथ मोडलेला मनुष्य रांगेत असला तर डाव्या-उजव्याचाही घात करतो, सबब स्मिकिथोस यास स्वारीत घेऊ नये. त्यास तटावर पहाऱ्यास ठेवावे, भाला द्यावा, ढाल देऊ नये, आणि सांजेस घरी जेवावयास सोडावे. हुकूम देऊन सरदार वळले, आणि जाता जाता एक पाव मागून घेऊन गेले.

ही खबर गल्लीत दिवे लागायच्या आत पसरली. दुसऱ्या सकाळी बाईसाहेबांच्या दारी बायकांची रांग, हाती वाट्या, खमिराचा लहानसा गोळा मागावयास. त्यांच्या नवऱ्यांनी मद्य ओतले नव्हते, शपथ घेतली नव्हती, त्यांस त्या गोळ्याचा काय उपयोग, हे आम्ही विचारणार होतो, परंतु त्यांचे चेहरे पाहून विचारले नाही. बाईसाहेबांनी प्रत्येकीस दिले. रांगेच्या शेवटी पाचव्या दाराची हेदिस्ते होती.

बाईसाहेबांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "हेदिस्ते, तुला गं कशाला?"

"ढाल आहे ना घरात," हेदिस्ते म्हणाली. "तिच्याखाली काहीतरी असू दे."

येणेप्रमाणे दोन महिन्यांवर मोहीम चालोन, बिनपाण्याच्या एका सुरईवर, सौभाग्यवती आर्किप्पेबाईसाहेब यांची फत्ते जाहली. पाडाव नवरा एक, जिवंत, तटावरून रोज सांजेस घरी येतो. ढाल एक, काथवटीवर कायम. नगरीचे युद्ध चालू आहे. हे वर्तमान मुकुटाच्या सालातील, जैतुनास मोहोर येण्यापूर्वी, तिसऱ्या दारी बसोन लिहिले, आणि लिहिताना पाचव्या दारातून पाव भाजल्याचा वास येत होता.